‘२८ व्होल्ट येतायत ना!’ : विमानातला विद्युत दोष शोधताना या चुका टाळा

लँडिंग लाइट मंद पेटते, पिवळट दिसते, अशी तक्रार होती. साधा फिलामेंटचा दिवा, २८ व्होल्ट, १०० वॉट. दिवा बदलला, नवाही तसाच पेटला. आणखी एक बदलला, तरी तेच. काढलेला दिवा वर्कशॉपमध्ये नेऊन थेट २८ व्होल्टवर लावला, तर पांढराशुभ्र उजेड. मी तेव्हा नुकताच कामाला लागलो होतो आणि जॉब कार्डवर माझ्याच हातचं वाक्य होतं : ‘पॉवर तपासली, २८ व्होल्ट मिळतात.’

त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं. मीटरवर २८.० स्पष्ट दिसत होतं. पण मी दिवा काढून मोजलं होतं आणि मीटरचा काळा प्रोब, म्हणजे निगेटिव्ह टोक, विमानाच्या सांगाड्याला लावला होता. दोष नेमका या दोन गोष्टींच्या आड लपला होता. पुढे अनेक वर्षं हँगरमध्ये आणि शिकाऊ मुलांसोबत काम करताना हीच चूक वेगवेगळ्या रूपांत भेटत राहिली. बहुतेक वेळा हाताला कसब असतं, मीटरही चांगला असतो. गडबड असते ती व्होल्टेज, ग्राउंड, शॉर्ट, कंटिन्युइटी (मार्ग अखंड असणं) हे रोजचे शब्द सैलपणे वापरण्यात.

लोड न लावता व्होल्टेज मोजणं

लोड म्हणजे करंट घेणारं उपकरण, इथे दिवा. डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो. म्हणजे २८ व्होल्टला मीटरमधून तीन मायक्रोअँपिअरही करंट जात नाही. वाटेत गंजलेला जोड असेल, त्याचा रेझिस्टन्स अगदी १०० ओहम असला, तरी एवढ्याशा करंटला तिथे पडणारं व्होल्टेज मिलिव्होल्टच्याही खाली राहतं. मीटर २८ दाखवतो आणि आपण पुढे जातो.

आता त्या दिव्याचं गणित बघा. पेटलेल्या दिव्याचा रेझिस्टन्स सुमारे ८ ओहम. ग्राउंडच्या जोडात, म्हणजे करंट सांगाड्यात परत जातो तिथे, २ ओहम आले होते. एकूण १० ओहम, करंट २.८ अँपिअर. जोडावर ५.६ व्होल्ट पडले, दिव्याला उरले २२.४. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने घसरतो. एवढ्याशा घटीत तो निम्म्याच्याही खाली येतो. आणि त्या जोडावर जवळपास १६ वॉट उष्णता तयार होत होती, एखाद्या छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी. ग्राउंडची तार नटाने आवळतात त्या स्टडभोवतीचा रंग तपकिरी पडला होता. मी तो पाहिलाही होता, पण मळ समजून सोडून दिला होता.

मोजायची योग्य जागा म्हणजे दिव्याची दोन टर्मिनलं, आणि तीही दिवा पेटलेला असताना. तिथे २२ दिसले की दोष वायरिंगमध्ये आहे हे पक्कं झालं. मग तो कुठल्या बाजूला आहे ते शोधायला व्होल्टेज ड्रॉप मोजायचा. दिवा चालूच ठेवा. एक प्रोब सर्किट ब्रेकरच्या लोडकडच्या टर्मिनलवर आणि दुसरा दिव्याच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर धरा. तारेची लांबी आणि जाडी ठीक असेल तर एक व्होल्टच्या आत काहीतरी दिसायला हवं. नंतर दिव्याचं निगेटिव्ह टर्मिनल आणि सांगाड्याचा स्वच्छ, रंग नसलेला धातू यांच्यामध्ये मोजा. आमच्या विमानात पहिल्या बाजूला जेमतेम ०.३ व्होल्ट होते, दुसऱ्या बाजूला साडेपाचच्या पुढे. स्टड उघडला तेव्हा लगखाली, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली, प्रायमरचा (रंगाआधीच्या लेपाचा) थर तसाच होता. कुणीतरी पृष्ठभाग न घासताच नट आवळला होता.

ऐकू येतं पण ट्रान्समिटचं बटण दाबलं की बंद पडतो, अशा रेडिओच्या तक्रारीतही आधी हेच बघा. रिसीव्ह करताना करंट थोडा असतो, ट्रान्समिटला तो कैक पटींनी वाढतो. खराब जोड तेव्हाच आपलं रूप दाखवतो.

‘ग्राउंड म्हणजे शून्य’ हे गृहीत धरणं

माझी दुसरी चूक ही होती. काळा प्रोब सांगाड्याला लावला की पॉझिटिव्ह टर्मिनलवर दिवा पेटलेला असतानाही जवळपास २८ च दिसणार, कारण परतीची वाट त्या मापनात येतच नाही. करंट जितका जातो तितकाच परत येतो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण शोधाला लागलं की सगळे जाणारी तार तपासतात आणि परतीची सोडून देतात.

त्यात ‘ग्राउंड’ या एकाच शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक, करंटची परतीची वाट. दोन, बाँडिंग, म्हणजे धातूचे भाग एकमेकांना जोडून सगळं एकाच पोटेन्शियलला ठेवणं. वीज कोसळली, स्थिर विद्युत साठली किंवा रेडिओला खरखर आली, तर उपयोगी पडते ती ही जोडणी. तीन, शील्ड, म्हणजे तारेभोवतीची जाळी. शील्डचं एक टोक जोडायचं की दोन्ही, हे त्या सर्किटच्या गरजेवर ठरतं. ऑडिओच्या तारांना बहुधा एकच टोक जोडतात, नाहीतर ग्राउंड लूप होऊन गुणगुण ऐकू येते. बाहेरच्या तीव्र रेडिओ लहरींपासून संरक्षण हवं असेल तिथे दोन्ही टोकं जोडलेली सापडतील. वायरिंग डायग्राममध्ये जे काढलंय ते करा, सवयीने करू नका.

बाँडिंग तपासायला साधा मल्टिमीटर लावणं निरर्थक आहे. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाच्या ४३.१३-१बी या ॲडव्हायझरी सर्क्युलरमध्ये (मार्गदर्शक परिपत्रकात) बाँडिंगच्या जोडासाठी ०.००३ ओहमची मर्यादा दिली आहे, आणि आपल्या प्रोबच्या तारांचाच रेझिस्टन्स ०.२ ओहमच्या आसपास असतो. त्यासाठी चार तारांच्या पद्धतीने मोजणारा मिलिओहममीटर लागतो.

कार्बन फायबरच्या सांगाड्याच्या विमानांत तर धातूचा सांगाडा परतीला उपलब्धच नसतो. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये परतीच्या करंटसाठी धातूचं वेगळं जाळं बसवलेलं आहे. तिथे काळा प्रोब दिसेल त्या पॅनेलला टेकवून चालत नाही.

बीप ऐकून निर्धास्त होणं

विमानात वापरली जाणारी २० गेजची (गेज म्हणजे जाडीचा क्रमांक) तार बहुधा १९ बारीक तंतूंची असते. त्यातले १८ तुटले आणि एकच उरला, तरी कंटिन्युइटीच्या रेंजवर मीटर आनंदाने वाजतो. मीटरगणिक फरक असतो, पण काही दहा ओहमपर्यंतही बीप देतात. बीप एवढंच सांगते की कुठूनतरी, कसातरी मार्ग आहे. तो मार्ग पाच अँपिअर वाहू शकेल का, हे ती सांगत नाही. संशय असेल तर त्या तारेतून एखादा दिवा पेटवून बघा आणि पेटलेला असताना हार्नेस (तारांचा जुडगा) हलवा.

मार्ग ‘कुठूनतरी’ असतो हेही खरंच. दोन्ही टोकं कनेक्टरमध्ये जोडलेली ठेवून ओहम मोजले, तर करंट उपकरणाच्या आतून फिरून येतो आणि तुटलेली तारही शाबूत वाटते. किमान एक टोक सोडवा. पॉवर चालू असताना ओहमची रेंज लावू नका.

गार दिव्याचा रेझिस्टन्स मोजणाऱ्यांची फसगत मी बरेचदा पाहिली आहे. वरच्याच दिव्याचं गार फिलामेंट एक ओहमच्याही खाली दाखवतं. २८ भागिले ०.६ केलं की जवळपास ४७ अँपिअर येतात आणि ‘दिवा शॉर्ट आहे’ असा निष्कर्ष निघतो. दिवा ठणठणीत असतो. टंगस्टन तापलं की त्याचा रेझिस्टन्स दहापटीहून जास्त वाढतो.

आणि कृपा करून मीटरचा जाड प्रोब कनेक्टरच्या सॉकेटमध्ये खुपसू नका. सॉकेटच्या आतली स्प्रिंग एकदा पसरली की समोरची पिन तिच्यात सैल बसते. आजचं मापन बरोबर येतं आणि महिन्याभराने हवेत हादऱ्यांबरोबर येणारा-जाणारा दोष सुरू होतो, जो जमिनीवर कधीच सापडत नाही. त्या आकाराची जोडीची पिन तारेला क्रिंप करून जवळ ठेवा आणि तिच्यातून मोजा, किंवा ब्रेकआउट बॉक्स (कनेक्टरच्या प्रत्येक पिनचं माप बाहेरून घेता येईल असा डबा) वापरा. वीस मिनिटं जास्त लागतात. ती द्यायलाच हवीत.

सगळ्याला ‘शॉर्ट’ म्हणणं

काही चालत नसलं की ‘शॉर्ट झालंय’ म्हणायची पद्धत आहे. दोष सांगताना हा शब्द जपून वापरा. ओपन म्हणजे मार्ग तुटला. करंट शून्य, आणि ब्रेकर जागच्या जागी. शॉर्ट म्हणजे करंटला लोड टाळून जाणारा आखूड रस्ता मिळाला. करंट भरमसाट, ब्रेकरचं बटण बाहेर, म्हणजे ब्रेकर पडला. तिसरा प्रकार, तार घासून सांगाड्याला टेकणं. पॉझिटिव्ह तार टेकली तर ब्रेकर पडतो. पण ग्राउंड मिळाल्यावर चालू होणाऱ्या रिलेची कंट्रोल तार टेकली, तर ब्रेकर पडत नाही, उलट ते उपकरण आपोआप सुरू होतं. उपकरण मृत आहे पण ब्रेकर आत आहे, एवढं कळलं तरी ‘ब्रेकरपासून उपकरणापर्यंत सरळ शॉर्ट’ ही शक्यता बाद होते. निम्मा शोध तिथेच संपतो.

ब्रेकर उपकरणासाठी आहे असंही अनेकांना वाटतं. तो तारेच्या रक्षणासाठी आहे. तारेचं इन्सुलेशन जळण्याआधी त्याने तोडायचं. म्हणून ‘सारखा पडतो’ म्हणून मोठ्या रेटिंगचा ब्रेकर बसवणं म्हणजे तारेलाच फ्यूज बनवणं. आणि नेहमीचे औष्णिक ब्रेकर तापून पडतात. मधूनमधून ठिणग्या उडवणाऱ्या आर्किंगचा सरासरी करंट कमी असला तर त्यांना काही कळतही नाही. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरचं १११ क्रमांकाचं उड्डाण, एमडी-११ विमान, कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियाजवळ समुद्रात कोसळलं आणि २२९ जण गेले. कॅनडाच्या तपासात आगीची सुरुवात तारांमधल्या आर्किंगने आणि जवळच्या ज्वलनशील इन्सुलेशनच्या आवरणाने झाली असण्याची शक्यता सर्वांत जास्त ठरली. त्या प्रकारच्या आर्किंगपासून वाचवण्याची क्षमता तिथल्या ब्रेकरमध्ये नव्हती. पडलेला ब्रेकर कारण न शोधता पुन्हा पुन्हा दाबणाऱ्याला मी हे आवर्जून सांगतो.

घरची ५० हर्ट्झची सवय विमानात आणणं

मोठ्या विमानांत एसी पुरवठा बहुधा ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ, तीन फेजचा असतो. फेज ते न्यूट्रल ११५, फेज ते फेज २००. ‘२०० दिसतायत, जनरेटर जास्त देतोय’ अशी नोंद करण्याआधी प्रोब कुठे आहेत ते बघा. शिवाय ११५ हे आरएमएस मूल्य (तेवढीच उष्णता देणाऱ्या डीसीइतकं मूल्य) आहे, शिखर १६३ च्या जवळ जातं. इन्सुलेशनला आणि कपॅसिटरला सोसावं लागतं ते शिखर.

फ्रीक्वेन्सी जास्त ठेवली की ट्रान्सफॉर्मर आणि मोटर लहान, हलके करता येतात, म्हणून ४०० हर्ट्झ. पण कॉइलचा रिॲक्टन्स, म्हणजे एसीला होणारा तिचा विरोध, फ्रीक्वेन्सीच्या प्रमाणात असतो. ४०० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर त्याच व्होल्टेजवर ५० हर्ट्झला लावला, तर त्याचा रिॲक्टन्स आठव्या हिश्शावर येतो, गाभा सॅच्युरेट होतो (त्याचं चुंबकत्व आणखी वाढत नाही) आणि वाइंडिंग जळतं. डीसी ओहम मोजून ‘इतका करंट घेईल’ असा हिशोब एसीच्या कॉइलला लागू पडत नाही, तो याच कारणाने.

मीटरचंही पुस्तक वाचा. स्वस्त मीटरची एसी रेंज ४०० हर्ट्झलाच संपत असते, आणि सरासरीवर चालणारा मीटर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर (डीसीचा चौकोनी लहरींचा एसी करणाऱ्या उपकरणावर) ११ टक्के जास्त दाखवतो. ट्रू आरएमएस मीटर घ्या. जनरेटरचं रेटिंग केव्हीएमध्ये (हजार व्होल्ट-अँपिअरमध्ये) असतं, आणि पॉवर फॅक्टर म्हणजे त्यातला प्रत्यक्ष कामाचा हिस्सा. ९० केव्हीए आणि पॉवर फॅक्टर ०.८ असेल, तर प्रत्यक्ष काम ७२ किलोवॉटचं.

छोट्या वाटणाऱ्या, पण महागात पडणाऱ्या

गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, आणि तीन आकडे खाली आलं की छेद साधारण दुप्पट. २० गेजच्या तारेचा रेझिस्टन्स ३० मीटरला सुमारे एक ओहम. दहा मीटरमधून सतत ५ अँपिअर नेलेत तर १.६ व्होल्टच्या वर पडतात. २८ व्होल्टच्या सर्किटला सतत चालणाऱ्या लोडसाठी एक व्होल्ट आणि अधूनमधून चालणाऱ्यासाठी दोन, ही मर्यादा एफएएच्या त्याच सर्क्युलरमध्ये आहे. इथे १६ गेज लागेल.

बॅटरी २४ ची आणि बस (वीज वाटणारी मुख्य पट्टी) २८ ची, हा दोष नव्हे. बॅटरी चार्ज व्हायची तर जनरेटरचं व्होल्टेज तिच्यापेक्षा वर हवंच. नुसत्या बॅटरीवर घेतलेलं माप मात्र २८ शी ताडून बघू नका.

काही पुस्तकं इलेक्ट्रॉनचा प्रवाह निगेटिव्हकडून पॉझिटिव्हकडे दाखवतात, पण डायोडच्या चिन्हातला बाण पारंपरिक दिशेचा असतो. पुस्तक उघडताना कोणती पद्धत आहे ते पाहा आणि मधेच बदलू नका.

तारेचं इन्सुलेशन मेगरने (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) तपासायचं असेल तर आधी दोन्हीकडची उपकरणं सोडवा. ५०० व्होल्ट आतल्या सर्किटमध्ये गेले की परत फिरत नाहीत. स्ट्रोब लाइटच्या पॉवर सप्लायमधला कपॅसिटर स्विच बंद केल्यावरही जीवघेणं व्होल्टेज धरून असतो. मॅन्युअलमध्ये थांबायला सांगितलेली मिनिटं थांबा.

अर्धवट नोंद लिहिणं

‘पॉवर ओके’, ‘ग्राउंड ओके’ ही नोंद पुढच्या पाळीतल्या माणसाला फसवते. तो तिथून पुढे शोधायला लागतो आणि दोष मागेच राहतो. कोणत्या दोन बिंदूंमध्ये मोजलं, लोड चालू होता की नाही, पुरवठा कशाचा होता आणि आकडा किती, एवढं लिहा. त्या लँडिंग लाइटच्या कार्डवर माझ्या वाक्याखाली माझ्या वरिष्ठांनी लिहिलेली नोंद अशी होती : ‘बाहेरचा पुरवठा २८.० व्होल्ट. दिवा चालू. दिव्याच्या दोन टर्मिनलांत २२.१. निगेटिव्ह टर्मिनल ते सांगाडा ५.६. ग्राउंड स्टड उघडला, लगखाली प्रायमर. घासून स्वच्छ केला, नवा लग, ठरलेल्या टॉर्कला आवळला. पुन्हा मोजलं, दिवा चालू : टर्मिनलांत २७.६, निगेटिव्ह ते सांगाडा ०.०२.’