देवापुढे भाषण नको: प्रार्थनेत नेहमी होणाऱ्या चुका

आमच्या मंडळीत तरुणांचा शास्त्राभ्यास मी घेते. दर जानेवारीत कोणीतरी नवंकोरं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन येतं आणि विचारतं, "देवाशी जवळीक वाढवायचीय, लवकरात लवकर काय करू?" 'लवकरात लवकर' ऐकलं की मी आधी चहा टाकते. चहा उकळेपर्यंत बसायचाही ज्याला धीर नाही, त्याला पुढचं सांगून उपयोग नसतो.

सगळ्यात हट्टी चूक म्हणजे एकट्याच्या प्रार्थनेत सभेची भाषा वापरणं. ती मी स्वतः अकरा वर्षं केली. रविवारच्या उपासनेत प्रार्थना चालवायची, त्यामुळे 'हे सर्वसमर्थ, सनातन, कृपाळू पित्या' जिभेवर बसलेलं. मग ताई अतिदक्षता विभागात होती ती रात्र. बाहेरच्या बाकावर बसून मी डोळे मिटले आणि तोंडातून निघालं, "हे सर्वसमर्थ देवा, आजच्या या मंगल प्रसंगी आम्हास एकत्र आणलेस म्हणून..." मंगल प्रसंगी! शेजारच्या बाई वळून बघायला लागल्या. मी गप्प झाले. बऱ्याच वेळाने एवढंच बोलले, "ताई वाचू दे रे." अकरा वर्षांत देवाशी बोललेलं ते माझं पहिलं वाक्य असावं. ताई वाचली. त्या चार शब्दांमुळे वाचली, अशी साक्ष मात्र मी कुठे देत नाही.

मराठीत आपली केवढी सोय आहे बघा. पाळकसाहेबांना 'अहो' म्हणतो आणि देवाला 'तू'. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेश, १८९५ सालचा. त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं, अभंग-ओव्यांतून आळवलं. गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना येशूच्या तोंडी आलेला 'अब्बा', म्हणजे बाबा, हाही घरातलाच शब्द. आणि आपण मात्र घरच्या माणसाला अर्ज लिहिल्यासारखं बोलतो. मी आता कणीक मळताना बोलते, मोठ्याने. शब्द नाही सुचला तर थांबते. यात आदर कुठे राहिला, असं एका काकांनी विचारलं होतं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू प्रार्थनेसाठी दार लावून घ्यायला सांगतो, पाल्हाळ नको म्हणतो. काकांना तेवढं वाचून दाखवलं.

दुसरी चूक हिशेबाची. आपल्या पवित्र शास्त्रातल्या ६६ पुस्तकांत १,१८९ अध्याय. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन. पहिल्या दोन पुस्तकांचे, उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४०, उत्साहात जातात, आणि जानेवारी सरता सरता गडी तिसऱ्या, लेवीय नावाच्या पुस्तकात येऊन रुततो: होमार्पण, अन्नार्पण, कोणती चरबी जाळायची, अंगावरचा चट्टा कसा तपासायचा. एक मुलगा असाच चाळीस अध्याय मागे पडला. थकलेल्या हप्त्यांसाठी सावकाराला चुकवावं तसा तीन रविवार देवळाकडे फिरकला नाही. रस्त्यात गाठला तर म्हणाला, "आधी भरून काढतो, मग येतो." भरून काय काढतोस? त्याला मार्कचं शुभवर्तमान उघडून दिलं. १६ अध्याय आहेत. एका बैठकीला एकच प्रसंग वाचायचा, येशू कोणाशी काय बोलला ते पाहायचं आणि पुस्तक मिटायचं. लेवीय पळून जात नाही. मोबाईलमधल्या वाचनाच्या ॲपला तर मी सक्त विरोधात आहे. आज किती टक्के झालं हे देवाने कधी कोणाला विचारलेलं नाही.

डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ते 'आजचं वचन' मानायचं, हे तर बंदच करा. ती सोडत झाली.

सकाळी चाळीस जणांना वचन फॉरवर्ड केलं म्हणजे आपलं वाचन झालं, असंही नाही.

भावाशी जमिनीवरून अबोला आणि इकडे रोज तासभर मनन, हाही प्रकार पाहिलाय. मत्तय ५ मध्ये अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय. फोन करा. प्रार्थना थांबेल तेवढी.

"काहीच जाणवत नाही" म्हणून सोडून देणाऱ्यांना मी स्तोत्र ८८ वाचायला देते. त्याचा शेवटही अंधारातच होतो. गोड शेवट नाही म्हणून ते कोणी स्तोत्रसंहितेतून काढलं नाही. लिहिणारा बरं वाटण्याचं सोंग करत नाही, पण रात्रंदिवस हाक मारणंही सोडत नाही.

आणि पहाटे चारचा गजर. येशू पहाटे उठून एकांतात जात असे, हे खरं; पण रात्री एकपर्यंत रील बघून नव्हे. गुडघ्यावरच डुलकी लागली म्हणून रडत आलेल्या एका मुलीला मी 'पहिले राजे' या पुस्तकाच्या १९व्या अध्यायातला संदेष्टा एलिया दाखवला. जीव नकोसा होऊन तो झुडपाखाली आडवा झाला, तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही. भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं आणि उठवून पुन्हा खाऊ घातलं. तिला म्हटलं, आठवडाभर दहाला झोप, मग बोलू. ती अजून अकरालाच झोपते, पण गजर आता सहाचा आहे.