परराज्यातलं वॉरंट निघालंय? या चुका टाळा

‘‘बँक अमळनेरची, चेक अमळनेरला दिला, मग चेक बाउन्सची केस सुरतला कशी?’’ वकील म्हणून हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. चेक घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत, तिथलं कोर्ट, असं २०१५ पासून कायद्यातच आहे. म्हणून आपल्याकडचा कापडवाला सुरतला खेटे घालतो आणि केळीवाला बऱ्हाणपूरला.

पहिली चूक म्हणजे समन्स चुकवणं. एका दुकानदाराने पोस्टमनला पोराकरवी सांगितलं, ‘‘पप्पा बाहेरगावी.’’ पुढच्या वेळी पाकीट सरळ नाकारलं. ‘‘घेतलंच नाही तर काय व्हई, भो?’’ चेकच्या केसमध्ये पाकिटावर नकाराचा शेरा पडला, की कोर्ट समन्स बजावलं असं धरू शकतं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी, चुलीवर मांडे चालू असताना, गुजरातचे पोलीस आपल्या ठाण्याच्या हवालदाराला घेऊन दारात. वॉरंट नॉन-बेलेबल, म्हणजे पोलिसांनी परस्पर जामिनावर न सोडता कोर्टापुढे न्यायचं.

दुकानदाराच्या मेव्हण्याने लगेच निकाल दिला : ‘‘जामीन होणारच नाही, जाऊ द्या सुरतला, तिथे बघू.’’ या शहाणपणाचा मला सर्वांत जास्त वैताग आहे. वॉरंट नॉन-बेलेबल असणं वेगळं आणि गुन्हा अजामीनपात्र असणं वेगळं. चेक न वटल्याचा, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ चा गुन्हा जामीनपात्रच आहे. वॉरंट काढणारं कोर्ट लांबचं, ३० किलोमीटरच्या पलीकडचं असेल, तर माणसाला आधी इथल्याच मॅजिस्ट्रेटपुढे किंवा एसपींपुढे न्यावं लागतं. गुन्हा जामीनपात्र आणि जामीनदार तयार, तर जामीन इथेच होतो (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी कामकाजाचा कायदा, कलम ८२ आणि ८३). त्या दिवशी तसाच झाला, पण दिवेलागणीला. फोन पोलिसांकडे, नंबर एकही पाठ नाही आणि जामीनदाराचा सातबारा शोधण्यात अख्खी दुपार गेली.

म्हणून मी पक्षकारांना एक प्लास्टिकची फाईल करायला लावतो. आधारच्या झेरॉक्स, फोटो, केस नंबर, जामीनदाराचा ताजा सातबारा किंवा घरपट्टीची पावती, बीपीच्या गोळ्या चिठ्ठीसकट आणि कागदावर पेनाने लिहिलेले चार फोन नंबर. फाईल बायकोच्या कपाटात ठेवायची. दुकानाच्या गल्ल्यात ठेवली तर ऐनवेळी शटर बंद असतं.

तीन महिन्यांत वॉरंट आपोआप मरत नाही; कोर्ट रद्द करेपर्यंत किंवा बजावणी होईपर्यंत ते जिवंत. जामीनपात्र गुन्ह्यात अटकपूर्व जामिनावर पैसे घालू नका. वकील घेऊन त्याच कोर्टात हजर व्हा आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. गुन्हा खरोखर अजामीनपात्र आणि एफआयआर परराज्यात असेल, तर इथलं सेशन्स कोर्ट किंवा हायकोर्टाचं औरंगाबाद खंडपीठ तिथे पोहोचण्यापुरतं मर्यादित संरक्षण देऊ शकतं. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये हे स्पष्ट केलंय. फोनवर ‘वॉरंट कॅन्सल करतो, पैसे टाका’ म्हणणारा चोर. व्हिडिओ कॉलवर धमकावतात ती ‘डिजिटल अरेस्ट’ कायद्यात कुठेच नाही. केस खरंच आहे का, ते ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर नाव टाकून बघा, दोन मिनिटं लागतात. यूट्यूबवर तासभर घालवणाऱ्यांना तेवढी दोन मिनिटं मात्र जड जातात.

वॉरंट रद्द झालं, की हुकमाची सही-शिक्क्याची नक्कल मागा. एक आपल्या पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या, दुसरी गाडीच्या कागदांत ठेवा.