अकाली पिकलेल्या केसांवर घरगुती उपाय: आधी कारण शोधा, मग रंग लावा

आरशात पहिला पांढरा केस दिसला की माणूस तेलाच्या बाटलीकडे वळतो. पण त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याचा रंग ठरतो तो मुळाशी, तिथल्या पेशी किती मेलानिन (केसाला रंग देणारं द्रव्य) तयार करतात त्यावर. त्यामुळे पांढरा होऊनच बाहेर आलेला केस कुठल्याही तेलाने किंवा लेपाने आतून काळा होत नाही. घरी दोनच गोष्टी साधतात: पुढचे केस पिकण्याला काही कारण असेल तर ते दूर करणं आणि पिकलेल्या केसांना वरून रंग देणं. हे दोन्ही वेगळे ठेवले की निम्मी फसवणूक टळते.

पायरी १: कारण तपासा

आशियाई वंशाच्या माणसांत पंचविशीच्या आत केस पिकू लागले, तर त्याला साधारणपणे अकाली म्हणतात. आई किंवा वडिलांचं असंच झालं असेल, तर बहुधा ते आनुवंशिक आहे आणि त्यावर स्वयंपाकघरात औषध नाही. नसेल तर डॉक्टरांना विचारून बी-१२, लोह आणि थायरॉइड यांची रक्ततपासणी करून घ्या. बी-१२ हे दूध, अंडी, मासे, मांस अशा प्राणिजन्य अन्नातून मिळतं, म्हणून दूधही न घेणाऱ्या शाकाहारी माणसांनी हे आधी पाहावं. कमतरता भरून निघाल्यावर काहींचे नवे केस पुन्हा गडद उगवतात, सगळ्यांचे नाही.

सिगारेट ओढत असाल तर ती सोडा, अकाली केस पिकण्याशी तिचा संबंध दिसून आला आहे. ताणाचं काय? कोलंबिया विद्यापीठाच्या २०२१ सालच्या अभ्यासात ताण ओसरल्यावर काही केसांचा रंग परतलेला दिसला. पण त्यात माणसं मोजकीच होती, तेव्हा फार आशा बांधू नका.

पायरी २: हे करू नका

कांद्याचा किंवा लिंबाचा रस टाळूवर चोळू नका. आग होते, पुरळ उठतं, रंग काही येत नाही. पांढरा केस उपटल्याने आजूबाजूचे पिकत नाहीत, पण सारखं उपटून मूळ दुखावतं.

पायरी ३: तेल, पण माफक अपेक्षेने

खोबरेल तेलात सुका आवळा घालून लोखंडी कढईत मंद आचेवर तेल गडद होईपर्यंत तापवा, निववून गाळा. धुण्याआधी तासभर लावलं तरी पुरे. खोबरेल केसात मुरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हा खरा फायदा. काळेपणा यातून फारसा मिळत नाही.

पायरी ४: मेंदी आणि नीळ

खरा फरक इथे दिसतो. मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य केसातल्या केराटिन या प्रथिनाला धरतं आणि पांढऱ्या केसाला तांबूस-नारिंगी करतं. काळा रंग हवा असेल तर त्यावर नीळ लागते, म्हणजे नीळ वनस्पतीच्या पानांची पूड, कपड्यांना देतात ती नव्हे. पांढऱ्या केसावर नुसती नीळ नीट धरत नाही, निळसर-हिरवट झाक येते.

आधी दोन्हींचा थोडा लेप कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास वाट पाहा. जी-६-पीडी या तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांनी मेंदी लावूच नये, त्यांच्या रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो.

खांद्यापर्यंतच्या केसांना साधारण १०० ग्रॅम मेंदी लागते. ती कोमट पाण्यात ६ ते ८ तास भिजवा. केस शाम्पूने धुऊन, तेलाचा अंश न ठेवता, मुळांपासून जाड थर द्या. २-३ तासांनी नुसत्या पाण्याने धुवा.

नीळ मात्र आदल्या रात्री भिजवायची नाही. कोमट पाण्यात कालवा, १०-१५ मिनिटं झाका आणि लगेच लावा, कारण तिचा जोर लवकर उतरतो. लिंबू यात नको. तास-दीड तासाने धुतल्यावर केस हिरवट दिसले तरी घाबरू नका; हवेशी संयोग होऊन एक-दोन दिवसांत रंग गडद होतो. तोवर शाम्पू लावू नका.

बाजारात "काळी मेंदी" मिळते तिच्यापासून सावध राहा. शुद्ध मेंदी कधीच काळी रंगत नाही. काळेपणासाठी त्यात बहुधा पीपीडी हे रसायन असतं, त्याने कुणाकुणाच्या त्वचेवर फोड येतात. पाकिटावर घटक लिहिलेले नसतील तर घेऊ नका.

केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात, त्यामुळे पाच-सहा आठवड्यांत मुळं पुन्हा पांढरी दिसतील. तेव्हा तेवढ्याच मुळांना लेप द्या. दर वेळी टोकापर्यंत लावलं तर थरावर थर चढून टोकं जास्त काळपट आणि राठ होतात.