काल्पनिक युद्धखेळासाठी भविष्यातील शस्त्रसामग्री पटण्याजोगी कशी रचावी

पटावर खेळायच्या युद्धखेळाचे काल्पनिक जग उभारताना बहुतेक जण शस्त्राच्या ताकदीपासून सुरुवात करतात. पल्ला किती, चिलखत किती जाड, एका माऱ्यात किती तुकड्या गारद होतात, हेच आधी ठरते. माझा आग्रह याच्या उलट आहे. शस्त्राला काय जमत नाही आणि ते चालवताना सैन्याला कशाची झळ सोसावी लागते, हे आधी ठरवावे, कारण खेळणाऱ्याला ते शस्त्र खरे वाटते ते त्या मर्यादांमुळेच.

पहिली पायरी म्हणजे साल ठरवणे आणि त्या सालातले जुने सामान आधी मांडणे. बी-५२ या बॉम्बफेकी विमानाने पहिले उड्डाण १९५२ साली केले, शेवटचे विमान १९६२ साली तयार झाले, आणि अमेरिकेचे हवाई दल ते २०५०च्या दशकापर्यंत वापरण्याच्या तयारीत आहे. तुमचा खेळ २०७० सालात घडत असेल, तर आजचे काही रणगाडे, तोफा आणि ट्रक नवे रडार किंवा नवे इंजिन बसवून तेव्हाही वापरात असणारच. दहा प्रकारच्या तुकड्यांपैकी दोन-तीनच अगदी नव्या ठेवाव्यात. सगळेच नवेकोरे असलेले सैन्य प्रदर्शनात मांडल्यासारखे दिसते.

त्यानंतर प्रत्येक नव्या शस्त्राविषयी एक वाक्य लिहावे: हे कोणत्या अडचणीवर काढलेले उत्तर आहे? रणगाडा १९१६ साली रणांगणावर आला तो खंदक, काटेरी तारा आणि मशीनगन यांनी रोखून धरलेली आघाडी फोडण्यासाठी. असे वाक्य लिहिता येत नसेल, तर ते शस्त्र कितीही देखणे असले तरी वगळावे.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, ती म्हणजे वजन, ऊर्जा आणि उष्णता यांचा हिशेब. दोन पायांवर चालणारा महाकाय यंत्रमानव अनेकांना हवा असतो, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. ८० किलो वजनाच्या माणसाची उंची, रुंदी आणि जाडी दहापट केली, तर वजन हजारपट, म्हणजे ८० टन होते. तळपायाचे क्षेत्रफळ मात्र शंभरपटच वाढते, त्यामुळे जमिनीवरचा दाब दहापट होतो. एका पायावर उभ्या असलेल्या माणसाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.४ किलो असतो, म्हणजे या यंत्राचा ४ किलो होईल. रुंद पट्ट्यांमुळे जड रणगाड्याचा दाब सुमारे १ किलोच राहतो. ओल्या शेतात हे यंत्र रुतणार, आणि १८ मीटर उंचीमुळे ते दुरूनच दिसणार. तरीही ते हवेच असेल, तर त्याला शहरातले पक्के रस्ते किंवा खडकाळ प्रदेश द्यावा आणि चिखलात हालचाल बंद असल्याचा नियम करावा.

लेझरचा हिशेब तर थेट खेळाचा नियमच हातात देतो. समजा, एका चिलखती गाडीवर १०० किलोवॉटचा लेझर आहे आणि त्याला लागणाऱ्या विजेपैकी एक तृतीयांशच किरणात उतरते. गाडीला ३०० किलोवॉट वीज पुरवावी लागेल, आणि उरलेले २०० किलोवॉट गाडीतच उष्णता म्हणून साठतील. एक ड्रोन पाडायला पाच सेकंद लागले, तर दहा लाख ज्यूल उष्णता साठते. शीतकरणाच्या टाकीत १०० लिटर पाणी असेल, तर दर वेळी त्याचे तापमान सुमारे २.४ अंशांनी वाढेल. २४ अंशांची वाढ चालेल असे धरले, तर दहा माऱ्यांनंतर गाडीला थांबणे भाग आहे. खेळात याचा अनुवाद सोपा आहे: गाडीची माहिती छापलेल्या कार्डावर दहा उष्णता-खुणांची जागा ठेवावी, दर माऱ्याला एक खूण वाढवावी, मारा न केलेल्या पाळीत एक कमी करावी. धुके, धूर किंवा धूळ असल्यास पल्ला निम्मा करावा, कारण हवेतले कण किरण विखुरतात आणि शोषून घेतात.

बॅटरीच्या बाबतीतही हीच दक्षता हवी. एक किलो डिझेलमध्ये सुमारे १२ किलोवॉट-तास ऊर्जा असते, तर एक किलो लिथियम-आयन बॅटरीत साधारण पाव किलोवॉट-तास. विजेची मोटर बरीच अधिक कार्यक्षम असते हे खरे, पण एवढे अंतर त्याने भरून निघत नाही. तुमच्या जगातली बॅटरी आजच्यापेक्षा किती पट सरस आहे, हा आकडा एकदाच ठरवावा आणि सर्व शस्त्रांना सारखाच लावावा.

यापुढची पायरी रसद आणि देखभालीची आहे. अमेरिकी नौदलाने विद्युतचुंबकीय तोफेवर, म्हणजे दारूऐवजी विजेच्या जोरावर गोळा फेकणाऱ्या तोफेवर, अनेक वर्षे काम केले आणि २०२१ साली ते थांबवले. नळी लवकर झिजणे ही तिच्यातली एक मोठी अडचण होती. तुमच्या खेळात अशी तोफ असेल, तर ठरावीक माऱ्यांनंतर नळी बदलण्याचा नियम ठेवा आणि सुट्या नळ्यांचा ट्रक पटावर प्रत्यक्ष आणा. तो ट्रक शत्रूला उडवता आला पाहिजे. माझ्या अनुभवात असा एक ट्रक पटावर आला, की खेळणाऱ्यांच्या साऱ्या योजनांचा केंद्रबिंदू बदलतो.

मग प्रत्येक शस्त्रावरचा तोड, म्हणजे शत्रू त्यावर काढू शकेल तो उपाय, लिहावा. रडारला चकवणारे एफ-११७ विमान २७ मार्च १९९९ रोजी सर्बियावर पाडले गेले, तेही १९६०च्या दशकापासून वापरात असलेल्या एस-१२५ क्षेपणास्त्राने. युक्रेनच्या युद्धात ड्रोनचे रेडिओ संदेश जॅम होऊ लागले, म्हणजे शत्रूच्या रेडिओ-लहरींनी दडपले जाऊ लागले, तेव्हा ऑप्टिकल फायबरची तार मागे सोडत उडणारे ड्रोन आले. ते जॅम होत नाहीत, पण तारेच्या लांबीपलीकडे जात नाहीत आणि तार अडकून तुटू शकते. दुसऱ्या बाजूने रस्त्यांवर जाळ्याच बांधल्या. तुमच्या पटावरही अशी दोन-तीन वळणांची साखळी असावी, आणि त्यातला एखादा उपाय जाळ्यासारखा स्वस्त असावा.

शेवटी चाचणी घ्यावी. दोन्ही बाजूंना तेच नवे शस्त्र देऊन पाच-सहा डाव खेळावेत आणि कोण काय निवडतो याची नोंद ठेवावी. प्रत्येक जण तेच शस्त्र जास्तीत जास्त घेऊ लागला, तर त्याची किंमत, म्हणजे ते घेण्यासाठी खर्चायचे गुण, वाढवण्याची घाई करू नये. आधी उष्णता, इंधन, नळी किंवा तोड यांपैकी कोणता नियम खेळताना विसरला जातो आहे ते पाहावे, तो कार्डावर ठळक छापावा, आणि पुन्हा खेळावे.