सोफियाविषयी लिहिताना या चुका टाळा

सोफिया हा ग्रीक शब्द; अर्थ प्रज्ञा, शहाणपण. नॉस्टिक पंथांच्या, म्हणजे गूढ ज्ञानानेच मुक्ती मिळते असं मानणाऱ्या प्राचीन पंथांच्या सृष्टिकथांत ही प्रज्ञाच चुकते आणि तिच्या चुकीपासून जगाची गोष्ट सुरू होते. लिहिणारे मात्र तीन ग्रंथांतले तुकडे जोडून एक गोधडी शिवतात, आणि ती गोष्ट मूळ ग्रंथांत कुठेच सापडत नाही.

म्हणून आधी ग्रंथ ठरवा. ‘योहानाचे गुप्त पुस्तक’ घेतलंत तर त्याच्या चार प्रती आहेत: तीन 1945 साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ मिळालेल्या, चौथी 1896 मध्ये कैरोत विकत घेतलेल्या बर्लिन संहितेतली (संहिता म्हणजे इथे जुनं हस्तलिखित पुस्तक). दोन प्रतींत पाठ छोटा, दोन प्रतींत मोठा. आदामाचा एकेक अवयव कोणत्या देवदूताने घडवला याची यादी आणि देवदूतांची 365 ही बेरीज मोठ्या पाठातली आहे. छोट्या पाठाचा दाखला देऊन ती लिहू नका.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो दुसऱ्या शतकातल्या नॉस्टिक गुरू व्हॅलेंटिनसच्या पंथाच्या कथेशी. योहानाच्या पुस्तकात सोफिया जोडीदाराच्या संमतीवाचून एकटीच प्रसवते. होतं ते सिंहमुखी सर्प, डोळे विजेसारखे. ती त्याला तेजस्वी ढगात लपवते, मधोमध सिंहासन ठेवते, नाव देते याल्दाबाओथ. नॉस्टिकांचा विरोधक असलेल्या इरेनियस या बिशपने सुमारे 180 साली नोंदवलेल्या, व्हॅलेंटिनसचा अनुयायी टॉलेमी याच्या मांडणीत कारणच वेगळं आहे: तिला आदिपित्याचा थांग लावायचा असतो. तिथे 8, 10 आणि 12 मिळून 30 ईऑन, म्हणजे दैवी सत्त्वं, सोफिया शेवटची. ‘होरोस’ म्हणजे सीमा तिला थोपवते. ती दैवी विश्वाच्या आतच राहते. बाहेर टाकली जाते ती तिची वासना, तिचं नाव अखामोथ. अखामोथच्या अश्रूंतून पाणी, हास्यातून प्रकाश. जग घडवणारा कारागीर तिच्यापासून होतो. तुमच्या एकाच परिच्छेदात 30 ईऑन आणि याल्दाबाओथ दोघेही आले, तर दोन कथांची सरमिसळ झाली असं धरा आणि परिच्छेद तोडा.

‘ईऑन’चं भाषांतर ‘युग’ करू नका. शब्दकोशात तो अर्थ आहे खरा, पण ‘तीस युगांतलं शेवटचं युग चुकलं’ हे वाक्य मोठ्याने वाचून पाहा. इथे ईऑन म्हणजे दैवी सत्त्व. सोफियाला ‘माया’ म्हणण्याचा मोहही आवरा. माया पश्चात्ताप करत नाही.

‘पिस्तिस सोफिया’ हा आणखी एक नॉस्टिक ग्रंथ नाग हम्मादीतला नाही. ती ॲस्क्यू संहिता, ब्रिटिश म्युझियमने 1785 मध्ये घेतलेली. त्यात तिचं स्थान तेराव्या ईऑनमध्ये, आणि तिचे पश्चात्तापही 13. इस्तंबूलच्या हागिया सोफियाचा मात्र या कथेशी संबंध नाही. तिथली ‘पवित्र प्रज्ञा’ म्हणजे ख्रिस्त.

योहानाच्या पुस्तकातल्या कथेचा शेवट घाईत गुंडाळला जातो. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायात देवाचा आत्मा पाण्यावर वावरतो. योहानाच्या पुस्तकात ख्रिस्त हसून सांगतो, मोशे (परंपरेने ‘उत्पत्ती’चा लेखक) म्हणतो तसं पाण्यावर नव्हे. ती सोफियाची येरझार होती, लाजेने केलेली. तिचा पश्चात्ताप ऐकला जातो, पण ‘ती स्वस्थानी परतली’ असं लिहिलंत तर चुकलं. तिला मुलाच्या वर, नवव्या स्थानी ठेवलं जातं, उणीव भरून निघेपर्यंत.