सोलापूरवरून युरोपात गाडी चालवायला जाताय? मग टोलचं आधी समजून घ्या

आपल्याला सावळेश्वर नाक्यावर फास्टॅगची सवय, पण तिकडं प्रत्येक देशाचं वेगळं असतंय बघा. इटलीत हायवेवर चढताना मशीनमधून तिकीट घ्यायचं आणि उतरताना अंतराप्रमाणे पैसे भरायचे, ते तिकीट अजिबात हरवू नका, नाहीतर सगळ्यात लांबच्या नाक्यापासूनचा टोल लावतात. पिवळ्या टेलिपास (म्हणजे तिकडचा फास्टॅगच) लेनमध्ये घुसू नका, आणि चुकून घुसलातच तर रिव्हर्स तर मुळीच घेऊ नका ओ, जिवावर बेतेल.

स्वित्झर्लंडला नाके नाहीत, वर्षाचा पास घ्यायचा, ४० फ्रँक, दोन दिवस राहिलात तरी तेवढाच. भाड्याच्या गाडीला तो आहे का आधी विचारा. जर्मनीत कारला टोल नाही.