घरच्या परसात आगोंद गोवन डुक्कर कसं पाळावं

गोव्यातल्या काणकोण तालुक्यातल्या आगोंद गावाच्या नावाने ओळखली जाणारी काळी, लहान चणीची डुकरं आता कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे 'आगोंद गोवन' ही स्वतंत्र जात म्हणून नोंदलेली आहेत. लार्ज व्हाइट यॉर्कशायर या विलायती जातीसारखी ही झपाट्याने वाढत नाहीत, अंगावर चरबीही जास्त धरतात. पण घरचं साधं खाणं, दमट हवा आणि कोकणचा पाऊस त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो, आणि चोरीससाठी, म्हणजे गोव्याच्या मसालेदार डुकराच्या सॉसेजसाठी, तीच चरबी हवी असते. दोनचार डुकरं पाळणाऱ्या घराला हीच जात सोयीची, असं माझं ठाम मत आहे. सगळीकडे विलायती नरांचा संकर झाल्याने शुद्ध गावठी डुकरं कमी होत चालली आहेत, म्हणूनही ती घरोघरी टिकायला हवीत.

एक अट मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. डुक्कर मोकाट सोडायचं नाही. माणसाच्या विष्ठेतली पट्टकृमीची (टेपवर्म) अंडी डुकराच्या पोटात गेली की मांसात गाठी धरतात. ते मांस कच्चं राहिलं तर खाणाऱ्याला पट्टकृमी होतो. मग त्याच्या विष्ठेतली अंडी हातावाटे किंवा अन्नावाटे घरातल्या कुणाच्या पोटात गेली, तर मेंदूत गाठी होऊन फिट्स येऊ शकतात. घरात संडास आणि डुकराला बंद कुंपण, दोन्ही हवंच.

सुरुवात दोन पिल्लांनी

पहिल्या वर्षी विणीच्या भानगडीत पडू नका. दूध तुटलेली, साधारण दोन महिन्यांची दोन पिल्लं घ्या. एकटं डुक्कर झुरतं, नीट खातही नाही. नर असतील तर खच्ची केलेले घ्या, नाहीतर मोठेपणी मांसाला उग्र वास येतो. शक्य असेल तर आईबाप डोळ्यांनी पाहा, त्यावरून संकर लगेच कळतो. जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत या जातीवर काम झालं आहे, तिथे किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. त्याआधी पंचायतीत जाऊन घरापासून आणि विहिरीपासून किती अंतर राखायचं ते विचारा. घरी आधीची डुकरं असतील तर नवी पिल्लं महिनाभर वेगळी ठेवा.

गोठा

जमिनीपेक्षा उंच जोतं, चिऱ्यांची कमरेएवढी भिंत, वर कौलं किंवा झावळ्या. वाढत्या डुकराला दीड ते दोन चौरस मीटर छपराखाली आणि तेवढीच उघडी जागा द्या. फरशी खरबरीत हवी आणि उतार एका बाजूला, म्हणजे मूत आणि धुण्याचं पाणी खड्ड्यात जाईल. डुकराला नीट घाम येत नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये सावली आणि लोळायला पाण्याचा खड्डा लागतोच. पावसाळ्यात तो खड्डा बुजवा, त्यात जंतांची पैदास होते. डुक्कर झोपायच्या जागी घाण करत नाही. पाण्याची कुंडी सखल कोपऱ्यात ठेवा, म्हणजे ते शेण तिथेच टाकतं आणि साफसफाई निम्मी होते.

खाणं

इथे जीव ओतावा लागतो. भाताचा कोंडा, खोबऱ्याची पेंड, पेज, रताळ्याचे वेल, केळीचा गाभा, फणसाचे गरे आणि उन्हाळ्यात काजूच्या बोंडांचा चोथा हे सगळं चालतं. अळू मात्र शिजवूनच घाला, कच्च्याने तोंड खाजतं. नुसत्या कोंड्यावर डुक्कर फुगतं, पण हाडामांसाने भरत नाही. पेंड आणि उकडलेल्या मासळीच्या टाकाऊ भागातून प्रथिनं द्या, शिवाय खनिज मिश्रण चमचाभर. कापायच्या आधी काही आठवडे मासळी पूर्ण बंद करा, नाहीतर मांसाला तिचा वास येतो.

हॉटेलचं उष्टं फुकट मिळतं, पण मोठा धोका त्यातच आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा विषाणूजन्य रोग 2020 साली आसाम आणि अरुणाचलात पहिल्यांदा भारतात आढळला. त्याच्यावर औषध नाही, आणि डुकराच्या मांसाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून तो एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जातो. माझं सांगणं एकच, बाहेरचं उष्टं आणूच नका. घरचं घालायचं तर त्यात डुकराचं मांस नको आणि उकळी फुटल्यावर अर्धा तास ढवळत उकळा. लोणचं, खारवलेलं काही नको. मीठ जास्त झालं आणि पाणी कमी पडलं तर डुक्कर झटके येऊन मरतं. स्वच्छ पाणी चोवीस तास हवं.

वीण

हात बसला की एक मादी ठेवा. ती दर 21 दिवसांनी माजावर येते. योनी सुजते, ती अस्वस्थ होते, पाठीवर हाताने दाब दिला की जागची हलत नाही. पहिला माज सोडून द्या. नर सख्खा भाऊ नसावा, आणि आगोंद गोवनच असावा. गर्भकाळ 114 दिवसांचा. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असं पाठ करून ठेवा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला नर दाखवला तर मादी फेब्रुवारीच्या शेवटी व्याते, एप्रिलमध्ये पिल्लांचं दूध तुटतं, तेव्हा काजूची बोंडं असतात आणि पावसाआधी पिल्लं सावरतात. जुलैच्या ओलीत व्यालेल्या मादीची पिल्लं वाचवणं फार कठीण.

गाभण मादीला खाऊ घालून लठ्ठ करू नका. हात फिरवल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत. व्यायच्या दोन आठवडे आधी डॉक्टरांकडून जंताचं औषध घ्या. ती तोंडाने पेंढा ओढू लागली आणि सडांतून दूध आलं की दिवसभरात व्याते. पेंढा आखूड तोडून घाला, लांब पेंढ्यात पिल्लांचे पाय अडकतात. भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर अंतरावर आडवे वासे बांधा, म्हणजे आई आडवी होताना पिल्लू चिरडत नाही. कोपऱ्यात आईच्या आवाक्याबाहेर बल्ब टांगा, पहिले काही दिवस पिल्लांना 32 ते 35 अंश ऊब लागते. नाळेला आयोडीन लावा आणि प्रत्येक पिल्लाने पहिल्या काही तासांत चीक प्यायला की नाही ते पाहा. दुबळ्या पिल्लाला पुढच्या सडाला लावा, तिथे दूध जास्त असतं. यापलीकडे ढवळाढवळ नको, गावठी मादी चांगली आई असते.

आईच्या दुधात लोह फार कमी असतं. सिमेंटवर वाढणारी पिल्लं त्यामुळे पांढरी पडतात, म्हणून तिसऱ्या दिवसाच्या सुमारास लोहाचं इंजेक्शन द्यावं लागतं. नरपिल्लं पहिल्या काही आठवड्यांतच डॉक्टरांकडून खच्ची करून घ्या. दूध तुटल्यावर क्लासिकल स्वाइन फीव्हर या डुकरांच्या दुसऱ्या रोगाची लस टोचून घ्या, आणि पुढे दरवर्षी. एकाएकी तीनचार डुकरांनी खाणं सोडलं, ताप आला, कातडी लाल-निळी झाली तर एकही डुक्कर विकू किंवा हलवू नका, थेट पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

नोंदवही

कोणती मादी, कोणता नर, किती पिल्लं झाली आणि किती जगली, हे लिहून ठेवा. नर दर दोन वर्षांनी दुसऱ्या गावातल्या पाळणाऱ्याशी बदलून घ्या, अर्थात निरोगी गोठ्यातलाच, आणि आणल्यावर महिनाभर वेगळा ठेवून. घरच्याच रक्तात वीण होत राहिली की पिल्लं कमी आणि किडकी होत जातात. मादी निवडताना जिची पिल्लं जास्त जगली तिचीच मुलगी ठेवा, दिसायला गुबगुबीत म्हणून कुणाला ठेवू नका.